‘ड्रॅक्युला’ : किल्ल्याबाहेर पडल्यावर भीती ओसरते का?

सांजवेळ :

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालची कादंबरी मी नुकतीच मूळ इंग्रजीत, संक्षिप्त आवृत्तीचा आधार न घेता, वाचून संपवली. तिच्याविषयी माझे मत इतके दुभंगले आहे की इतरांनी ती कशी वाचली हे विचारल्यावाचून राहवत नाही. पुढे शेवटासकट सर्व कथानकाचा उल्लेख येईल, तेव्हा ज्यांना ती कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी हा धागा तूर्त बाजूला ठेवावा.

पहिल्या चार प्रकरणांविषयी, म्हणजे तरुण वकील जोनाथन हार्कर याने ट्रान्सिल्व्हेनियात लिहिलेल्या दैनंदिनीविषयी, माझी कसलीही तक्रार नाही. तो म्युनिकहून रात्री ८ वाजून ३५ मिनिटांनी निघतो, व्हिएन्नाला गाडी तासभर उशिरा पोहोचते, वाटेत खाल्लेल्या लाल मिरचीच्या कोंबडीची कृती आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, मिळवायची अशी नोंद तो करून ठेवतो, आणि अशा निरुपद्रवी तपशिलांच्या मागे मागे वाचक नकळत बोर्गो खिंडीपर्यंत जाऊन पोहोचतो. किल्ल्याचा मालक, रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला, भिंतीवरून डोके खाली करून सरपटत उतरतो तो प्रसंग प्रसिद्ध आहे. पण मला त्याहून अधिक भीती वाटली ती त्याच्या आधीच्या एका अगदी साध्या प्रसंगाची. जोनाथन खोलीत परततो, तेव्हा काउंट स्वतः त्याचे अंथरूण घालत असतो. आणि थोड्या वेळाने दाराच्या बिजागरीच्या फटीतून तोच जेवणाचे टेबल मांडताना दिसतो. म्हणजे एवढ्या अवाढव्य किल्ल्यात एकही नोकर नाही, आणि मग पहिल्या रात्री लांडग्यांना नुसत्या हाताच्या इशाऱ्याने मागे हटवणारा तो गाडीवानही काउंटच असला पाहिजे, हे जोनाथनच्या आणि आपल्या एकाच वेळी ध्यानात येते. पुढे काउंट त्याच्याकडून तीन पत्रे लिहून घेतो आणि त्यांवर १२ जून, १९ जून व २९ जून अशा पुढच्या तारखा घालायला लावतो. आपल्याला कधीपर्यंत जिवंत ठेवले जाणार आहे, हे एखाद्याला स्वतःच्याच हस्ताक्षरातून कळावे, ही कल्पना अजूनही माझा पिच्छा सोडत नाही.

पण पाचवे प्रकरण उघडताच आपण इंग्लंडातल्या मीना आणि लूसी या दोन मैत्रिणींच्या पत्रव्यवहारात येऊन पडतो, लूसीला एकाच दिवशी तिघे जण लग्नाची मागणी घालतात, आणि ज्याच्या नावाची कादंबरी आहे तो काउंट जवळजवळ दिसेनासा होतो. उरलेल्या तेवीस प्रकरणांत तो समोर येऊन बोलतो असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्याच्या जागी येतात त्या तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे, हमालांकडून काढलेली माहिती, आणि लूसीच्या उपचारासाठी बोलावलेले डॉक्टर, प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग, यांची लांबच लांब भाषणे. ही अधोगती फक्त मलाच जाणवली, की हा सर्वांचाच अनुभव आहे? आणि कादंबरी प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हाच्या वाचकांना ती कशी वाटली होती?

तळटीप :

आपली तक्रार कादंबरीइतकीच जुनी आहे. २६ मे १८९७ रोजी पिवळ्या कापडी बांधणीत आणि तांबड्या अक्षरांत हे पुस्तक लंडनमध्ये बाहेर पडले, आणि महिनाभरातच ‘अथेनियम’ या प्रतिष्ठित साप्ताहिकाने ते खळबळजनक असले तरी त्यात रचनेचे कौशल्य उणे आहे, असा शेरा मारला. उलट बाजूने ऑगस्टमध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी स्टोकरना पत्र पाठवून, कित्येक वर्षांत वाचलेली ही सर्वोत्तम पैशाचिक कथा असल्याचे कळवले. आणि स्टोकर यांच्या आईने, शार्लट यांनी, मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर असे काही लिहिलेच गेले नाही, अशा अर्थाचे कौतुक केले. आईच्या कौतुकाला किती किंमत द्यावी हा प्रश्न आहेच, परंतु या आईने १८३२ च्या साथीत आयर्लंडमधल्या स्लायगो गावात पटकीने माणसे पटापट मरताना पाहिली होती, आणि त्या हकिकती मुलाला सांगितल्याही होत्या. तेव्हा भीतीच्या बाबतीत त्यांचा अधिकार मान्य करायला हरकत नसावी.

आता मूळ मुद्दा. काउंट उत्तरार्धात दिसत नाही हे आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून भीती ओसरते हा निष्कर्ष मला पटत नाही. माझ्या वाचनात उत्तरार्धातली भीती काउंटची नाहीच. ती एकमेकांपासून गोष्टी लपवणाऱ्या सज्जन माणसांची आहे. या कादंबरीत काउंटला प्रत्येक वेळी आत शिरायला जी फट मिळते, ती कोणीतरी कोणाच्या तरी भल्यासाठी गप्प बसल्यामुळे मिळते, आणि हे एकदा ध्यानात आले की ती कात्रणे आणि त्या तारा वाचताना अंगावर काटा येतो.

उदाहरणादाखल, रात्री काउंट जिचे रक्त शोषतो त्या लूसीची खोली डोळ्यांसमोर आणावी. व्हॅन हेल्सिंग लसणीची फुले मागवतात, खिडकीच्या झडपांना आणि दाराच्या चौकटीला ती चोळतात, तिच्या गळ्यात फुलांची माळ घालतात, खिडक्या बंद करून घेतात आणि निश्चिंत मनाने निघून जातात. मात्र लूसीच्या आईचे हृदय दुबळे असल्याने तिला यातले काहीच सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या समाधानाने सांगते की, खोलीत फारच उग्र वास कोंडला होता, म्हणून रात्री मीच ती फुले काढून टाकली आणि खिडकी थोडी उघडली. ती खोलीबाहेर जाईपर्यंत व्हॅन हेल्सिंग चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, आणि मग हा एवढा खंबीर माणूस हातांत तोंड लपवून रडतो. या प्रसंगी काउंट कुठेही दिसत नाही, आणि तो दिसण्याची गरजही नाही. त्यानंतर चार दिवसांनी तेच व्हॅन हेल्सिंग अँटवर्पहून आपले शिष्य डॉ. सीवर्ड यांना तार करतात की आज रात्री लूसीपाशी थांबायला चुकू नका. आणि त्या तारेच्या माथ्यावर एका ओळीत टीप आहे की, पत्त्यात परगण्याचे नाव नसल्याने तार ससेक्समधल्या कारफॅक्स नावाच्या भलत्याच ठिकाणी गेली आणि बावीस तास उशिरा पोहोचली. त्या बावीस तासांत लूसीची आई मरते, आणि लूसीही वाचण्याच्या पलीकडे जाते. इतक्या कोरड्या, कारकुनी सुरात मृत्यूची वार्ता देणारी टीप मला दुसऱ्या कोणत्याही भयकथेत आढळलेली नाही.

याहून मोठी चूक पुढे घडते. सतराव्या प्रकरणात मीना सर्वांच्या रोजनिशा, डॉ. सीवर्ड यांच्या ध्वनिमुद्रणाच्या नळकांड्या, पत्रे आणि कात्रणे टंकलिखित करून तारखांप्रमाणे लावते, आणि त्यामुळेच या पुरुषांना आपला शत्रू कोण आहे याचे पूर्ण चित्र प्रथमच मिळते. तिची मुक्तकंठाने स्तुती होते, आणि लगेच पुढच्या प्रकरणात तिला सांगितले जाते की आता हे काम स्त्रीच्या काळजाला झेपणारे नाही, तेव्हा यापुढे आपण काही विचारू नये आणि आम्ही काही सांगणार नाही. मग हे सगळे वीर कंदील आणि कुलपे उघडण्याच्या किल्ल्या घेऊन शेजारच्या ओसाड वाड्यात काउंटचा शोध घ्यायला जातात, आणि काउंट इकडे त्यांच्याच घरात असतो. मीना फिकट पडत जाते. नवऱ्याला वाटते की दगदग झाली असेल. मीनाला धुक्याचे विचित्र स्वप्न पडते. ती बोलत नाही, कारण आधीच त्रासलेल्या माणसांना आणखी घोर कशाला लावायचा. वेड्यांच्या इस्पितळातला रेनफिल्ड मात्र तिच्याकडे एकदाच पाहून ओळखतो की ही बाई पूर्वीची राहिलेली नाही, आणि किटलीत पुन्हा पाणी ओतल्यावर चहा जसा होतो तशी ती दिसत होती, असे मरताना सांगतो. माश्या आणि कोळी खाणाऱ्या रुग्णाला जे दिसते ते दोन डॉक्टर, एक वकील, एक उमराव आणि एक अमेरिकन शिकारी यांना दिसत नाही. पहिल्या चार प्रकरणांत आपण एका परक्या माणसाच्या कैदेत असतो. इथे आपण आपल्याच माणसांच्या मायेच्या कैदेत असतो, आणि मला तरी ही दुसरी कैद अधिक गुदमरवणारी वाटते.

पैलतीर :

वरील प्रतिसादाला एक भौगोलिक पुरवणी जोडतो. माझे वास्तव्य यॉर्कशरमध्ये असल्याने व्हिटबीला जाणे-येणे असते, आणि ते गाव पाहिल्यावर कादंबरीचा मधला भाग निराळाच वाटू लागतो.

गावाच्या मधोमध एस्क नदी समुद्राला मिळते. पश्चिमेकडच्या कड्यावर पाहुण्यांच्या उताराची घरे आहेत, आणि १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर तिथेच रॉयल क्रेसेंटमध्ये उतरले होते. समोर पूर्वेच्या कड्यावर सेंट मेरी चर्च, त्याची स्मशानभूमी आणि मागे पडका मठ, आणि तिथे चढायला १९९ पायऱ्या. आठव्या प्रकरणात मीनाला मध्यरात्री लूसी अंथरुणात दिसत नाही, म्हणून ती पश्चिम कड्यावर येऊन पलीकडे पाहते. ढग सरकतात, चांदणे पडते, आणि नेहमीच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांतली लूसी व तिच्यावर वाकलेले काहीतरी काळे, असे तिला लख्ख दिसते. नजरेने पाहिले तर अंतर फार नाही, पण तिथे पोहोचायचे तर कडा उतरून, मासळीबाजारावरून, पुलापर्यंत वळसा घालून, नदी ओलांडून पुन्हा त्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या वेळात बाकावरचे दृश्य तिच्या नजरेआड असते. ‘सगळे दिसते, पण वेळेवर पोहोचता येत नाही’ ही या कादंबरीतली जी गत आहे, ती स्टोकर यांनी गावाच्या रचनेतूनच उचलली आहे.

त्याच मुक्कामात त्यांनी गावातल्या ग्रंथालयातून विल्यम विल्किन्सन यांचे वालेकिया आणि मोल्डेव्हिया या प्रांतांवरचे १८२० सालचे पुस्तक काढून वाचले, आणि ड्रॅक्युला हे नाव त्यांना त्यात सापडले. शिवाय १८८५ च्या ऑक्टोबरात नार्व्हा बंदरातून आलेले ‘दिमित्री’ हे रशियन जहाज व्हिटबीच्या वाळूत येऊन रुतले होते. कादंबरीत त्याचे ‘डेमिटर’ झाले आणि नार्व्हाचे व्हार्ना झाले. ट्रान्सिल्व्हेनियाला मात्र स्टोकर कधीच गेले नाहीत. आपल्याला ज्या चार प्रकरणांनी झपाटले ती ग्रंथालयात बसून लिहिलेली आहेत, आणि जी थंड वाटली त्यांतली बरीच स्वतःच्या पायांनी हिंडून लिहिलेली आहेत!

शल्यक :

साहित्याचा अभ्यासक म्हणून नव्हे, तर रक्तपेढीत नोकरी करणारा वाचक म्हणून लिहितो. मला या कादंबरीत काउंटच्या दातांपेक्षा व्हॅन हेल्सिंग यांच्या पिशवीची अधिक धास्ती वाटली.

७ सप्टेंबर ते १८ सप्टेंबर या बारा दिवसांत लूसीला चार वेळा रक्त दिले जाते : प्रथम तिचा नियोजित वर आर्थर, मग डॉ. सीवर्ड, मग स्वतः व्हॅन हेल्सिंग आणि अखेर अमेरिकन क्विन्सी मॉरिस. कोणाचे रक्त कोणाला चालते हे पाहण्याची कसलीही सोय तेव्हा नव्हती. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट जाहीर केले ते १९०१ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी. व्हॅन हेल्सिंग दात्याची पारख करतात ती त्याच्या तरुणपणावरून, ताकदीवरून आणि पुरुषपणावरून. घरातल्या मोलकरणींच्या रक्तावर त्यांचा भरवसा नाही. आर्थरविषयी तर ते म्हणतात की त्याचे रक्त इतके शुद्ध आहे की त्यातले तंतू काढायचीही गरज नाही. हे बोलणे आज हास्यास्पद वाटेल, परंतु रक्त घोटून त्यातले गुठळी धरणारे तंतू काढून टाकणे ही त्या काळातली खरीखुरी वैद्यकीय पद्धत होती, आणि तेवढा तपशील स्टोकर यांनी नीट मिळवलेला दिसतो. त्यांचे थोरले भाऊ थॉर्नली हे नावाजलेले शल्यविशारद होते, आणि डोक्याच्या दुखापतीविषयी त्यांनी लिहून दिलेले टिपण कादंबरीच्या कच्च्या टाचणांत आजही आहे. रेनफिल्डच्या कवटीवरची शस्त्रक्रिया त्यामुळेच इतकी नेमकी उतरली आहे.

न जुळणारे रक्त शरीरात गेले तर थंडी वाजून ताप भरतो, कंबर कळा मारू लागते, लघवी काळपट होते, आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लूसी मात्र प्रत्येक वेळी टवटवीत होते. तिचा गट एबी होता असे मानले तरच हे वैद्यकशास्त्रात कसेबसे बसवता येईल. एरवी तिला काउंटने मारले की डॉक्टरांनी, असा प्रश्न आजच्या वाचकाने अवश्य विचारावा.

तळटीप यांनी मांडलेल्या लपवाछपवीच्या मुद्द्याला इथेही पुष्टी मिळते. दुसऱ्यांदा रक्त देताना व्हॅन हेल्सिंग डॉ. सीवर्ड यांना बजावतात की आर्थरला हे कळू देऊ नका, तो घाबरेल आणि त्याला मत्सरही वाटेल. त्यामुळे लूसी गेल्यावर आर्थर, तिच्या नसांत आपले रक्त गेले म्हणजे आपला विवाहच झाला, अशा समजुतीत शोक करत राहतो, आणि बाकीचे तिघे त्याच्यासमोर मान खाली घालून उभे असतात. सगळ्या गोंधळात नेमका प्रश्न विचारतो तो एकटा क्विन्सी : चार धडधाकट पुरुषांचे रक्त या एवढ्याशा देहात मावणार तरी कसे, आणि ते गेले कुठे? तिथवर पोहोचलेला वाचक हेच कधीपासून ओरडून सांगत असतो.

आडवाट :

सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मला वाटते की आपण मंडळी कादंबरीच्या उणिवांना फारच आदराने वागवत आहात. मूळ प्रश्नकर्त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि भीती ओसरण्याचे कारण माझ्या मते अगदी वेगळे आहे : पहिल्या चार प्रकरणांत काउंटला वाणी आहे, पुढे ती काढून घेतली आहे.

किल्ल्यातला काउंट हा भयकथेतला राक्षस म्हणून जेवढा मोठा आहे त्याहून माणूस म्हणून अधिक कुतूहलाचा आहे. त्याच्या ग्रंथालयात इंग्लंडचा इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, इतकेच नव्हे तर लंडनच्या पत्त्यांची जंत्री आहे. जोनाथन एकदा त्याला कोचावर लोळत चक्क ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक वाचताना पाहतो. तो जोनाथनला रात्र रात्र बोलायला बसवून घेतो, उच्चार दुरुस्त करायला सांगतो, आणि म्हणतो की व्याकरण आणि शब्द मला पुस्तकांतून आले, पण लंडनच्या रस्त्यात मी तोंड उघडले की लोक मला परका म्हणून ओळखतील, आणि तेच मला नको आहे. माझ्या मुलखात मी सरदार आहे, परमुलखात माझी ओळख ती काय? इंग्रजी शब्दकोशातून शिकून साहेबाच्या देशात गेलेल्या कोणत्याही मराठी माणसाला हा उतारा वाचताना काउंटच्या बाजूने बसल्यासारखे वाटेल. मला तरी वाटले. आणि मग हाच काउंट लंडनला पोहोचल्यावर आपण त्याच्या तोंडून काय ऐकतो? पिकॅडिलीतल्या घराच्या खिडकीतून बाहेर उडी मारल्यावर, पळून जाता जाता, तुमच्या आवडत्या स्त्रिया आता माझ्या आहेत, ही नाटकी धमकी. ज्या कादंबरीत प्रत्येकाची रोजनिशी आहे, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही आहे, प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराची मुलाखतसुद्धा आहे, तिथे काउंटच्या वाट्याला सुरुवातीच्या एक-दोन चिठ्ठ्यांपलीकडे एकही पान नाही. त्याच्याविषयी सगळे बोलतात. पंचविसाव्या प्रकरणात तर खुद्द मीना त्या काळच्या नॉर्डाऊ आणि लोंब्रोसो या विचारवंतांचा हवाला देऊन त्याला जन्मजात गुन्हेगारांच्या कप्प्यात टाकून मोकळी होते. कवटीच्या ठेवणीवरून माणसाची गुन्हेगारी ठरवणारे ते शास्त्र त्या काळच्या साम्राज्याला किती सोयीचे होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पूर्वेकडचे जे काही या कादंबरीत येते ते असेच हत्यार किंवा अजब गोष्ट म्हणून येते. व्हॅन हेल्सिंग अशक्य गोष्टींची यादी देताना, जिवंत पुरून घेऊन पुढे पुन्हा उठून चालणाऱ्या हिंदी फकिराचा दाखला देतात, आणि शेवटी काउंटचा गळा चिरतो तो जोनाथनच्या हातातला कुकरी सुरा.

शेवटाविषयी बोलायचे तर, सत्ताविसाव्या प्रकरणापर्यंत आगगाड्या, बोटी, घोडे असा पाठलाग आपण निष्ठेने वाचतो, आणि काउंट दोन वाक्यांत धूळ होऊन जातो. व्हॅन हेल्सिंग यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतली भाषणे मी भाबडेपणाने वाचली, कारण नारायण धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या वाचकाला त्यांच्या समर्थांसारखा कोणी जाणता पुरुष येऊन सगळे उलगडून सांगेल अशी वाट पाहण्याची सवय असते. पण समर्थ मोजके बोलतात. हे गृहस्थ बोलतच राहतात.

सांजवेळ :

सर्वांचे आभार. आडवाट यांनी काउंटच्या वाणीविषयी जे लिहिले ते माझ्या मनातल्या नाराजीचे नेमके निदान आहे, आणि लसणीच्या फुलांचा प्रसंग मी तळटीप यांच्या दृष्टीने पुन्हा काढून वाचला तेव्हा तो निश्चितच अधिक बोचला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत दिसत नाही.

एक शंका मात्र राहते. जोनाथनला काउंट लंडनच्या भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, एका सुंदर तरुणीकडे टक लावून पाहताना दिसतो. सूर्यप्रकाश पडताच तो भस्म होतो, असे आपण सर्वच गृहीत धरत आलो आहोत. हा नियम कादंबरीत का नाही? आणि माझ्या भाच्याला भयकथांची गोडी लागली आहे. त्याच्या हाती हे पुस्तक द्यायचे तर कोणती प्रकरणे भरभर ओलांडली तरी चालतील?

तळटीप :

तो नियम कादंबरीनंतरचा आहे. १९२२ मध्ये मुर्नाऊ यांनी हक्क न घेता, पात्रांची नावे बदलून ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट काढला, आणि त्यात प्रथम सूर्योदयाने पिशाच्चाचा नाश होताना दाखवला. स्टोकर १९१२ मध्येच वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी खटला लढवून १९२५ मध्ये त्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. तरीही काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर तो सूर्यप्रकाशही वाचला. कादंबरीतल्या काउंटला दिवसा हिंडता येते. फक्त दिवसा रूप बदलणे त्याला सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त याच वेळी साधते. पांढऱ्या लांब मिशांचा जो म्हातारा जोनाथनला दार उघडतो, तो लंडनमध्ये काळ्या मिशा आणि टोकदार दाढी घेऊन हिंडतो, हेही चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला बुचकळ्यात टाकते; आपल्या डोळ्यांसमोर असतो तो १९३१ च्या चित्रपटातला, झगा पांघरलेला गुळगुळीत चेहऱ्याचा बेला लुगोसी.

उत्तरार्ध आपल्याला संथ वाटण्यामागे याच ओळखीचा मोठा वाटा असावा. पुस्तक छापायला जाईपर्यंत त्याचे नाव वेगळेच होते, आणि ड्रॅक्युला म्हणजे काय हे १८९७ च्या वाचकाला मुळीच ठाऊक नव्हते. लूसीच्या गळ्यावरच्या दोन बारीक जखमा, पहाटे उघडी सापडलेली खिडकी, काचेवर फडफडणारे वटवाघूळ, हे त्याच्या दृष्टीने कोडे होते, आणि व्हॅन हेल्सिंग उत्तर द्यायला जेवढा विलंब लावत तेवढी त्याची उत्कंठा वाढत असे. आपण उत्तर आधीच घेऊन बसलेलो असतो, त्यामुळे प्राध्यापकांचे भाषण आपल्याला लांबण वाटते. आडवाट यांच्या अधीरतेचे मूळ मला यात दिसते.

काउंटला एकही पान नाही, हे त्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यात एक भर घालतो. मीनावर हल्ला केला त्या रात्री काउंट हस्तलिखिते आणि ध्वनिमुद्रणाच्या नळकांड्या जाळून टाकतो. तिजोरीत ठेवलेली एक टंकलिखित प्रत तेवढी वाचते. सात वर्षांनंतरच्या शेवटच्या टिपणात जोनाथन कबूल करतो की आमच्यापाशी अस्सल म्हणावा असा जवळजवळ एकही कागद नाही, सगळी टंकलिखित पाने आहेत, आणि कोणी यावर विश्वास ठेवावा अशी आमची अपेक्षाही नाही. ज्यांनी काउंटला संपवले त्यांनीच, आपल्या सोयीने लावून, हा मजकूर आपल्या हाती दिला आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे नोंदवायला कोणी उरलेले नाही.

भाच्यासाठी सुचवायचे तर पंचविसावे आणि सव्विसावे प्रकरण, म्हणजे बंदरांमधली वाट पाहणे आणि नदीमार्गांची चर्चा, त्याला भरभर वाचू द्यावे. सातवे प्रकरण मात्र एक ओळही न गाळता वाचायला सांगावे. ‘डेमिटर’वरचे खलाशी एकेक करून नाहीसे होत जातात, कप्तान रोज त्याची नोंद करत राहतो आणि अखेर स्वतःचे हात सुकाणूला बांधून घेतो. मुलगा रात्री वाचत बसणारा असेल, तर ते प्रकरण त्याने दिवसा वाचावे हे उत्तम.